ओळ दुमडावी, तोडावी की सरकवावी?

काही वर्षांपूर्वी एका सर्व्हरवरच्या फायली दुसऱ्या डिस्कवर न्यायच्या होत्या. त्या खोलीत इंटरनेट नव्हते, म्हणून एका वेबपानावरची कृती मी घरून छापून नेली होती. फायली नकलणाऱ्या आरसिंक या प्रोग्रामची आज्ञा राखाडी चौकटीत होती: आधी पर्याय, मग मूळ फोल्डर, मग नवा फोल्डर. कागद बघून ती टाइप केली, एंटर दाबले, आणि नव्या डिस्कवर आधीपासून असलेल्या फायली डोळ्यांदेखत पुसल्या जाऊ लागल्या. घरी येऊन तेच पान पडद्यावर उघडले आणि चौकट उजवीकडे सरकवली. ओळीच्या शेवटी ‘ड्राय-रन’ हा पर्याय निवांत बसला होता. लेखकाने आज्ञा दिली होती ती ‘काय होईल ते नुसते दाखव, हात लावू नकोस’ अशी. पण कागद काही सरकवता येत नाही. चौकटीच्या कडेपलीकडे जे होते ते छापताना कापले गेले, आणि कापले गेल्याची कुठलीही खूण कागदावर नव्हती. फायलींची दुसरी प्रत होती म्हणून निभावले.

वेबपानावर रुंद कोड कसा दाखवावा हा प्रश्न त्यामुळे मला नुसता देखणेपणाचा कधीच वाटला नाही. कोड म्हणजे जागा, टॅब आणि ओळी जशाच्या तशा ठेवायचा मजकूर. वेबपान म्हणजे खिडकी जेवढी असेल तेवढ्यात बसणारा मजकूर. एकाला आकार बदललेला चालत नाही, दुसऱ्याचा आकार आधी ठरलेलाच नसतो. दोघांना एका घरात नांदवायचे तर वाटा चारच दिसतात. चौकट आडवी सरकू द्यावी, ओळ दुमडावी, अक्षर बारीक करावे, नाहीतर लिहिणाऱ्यानेच ओळ आधी तोडून ठेवावी. गेल्या तीस वर्षांत चारही वाटा चालून झाल्या आहेत, काही दोनदा.

दुमडणे आणि तोडणे हे शब्द मी मुद्दाम वेगळे वापरतो आहे. दुमडलेली ओळ फक्त दिसायला दोन ओळींत असते. कॉपी केली की ती पुन्हा अखंड मिळते. तोडलेल्या ओळीत खरोखरीचे ओळखंडाचे चिन्ह पडलेले असते, आणि ती सांधायची तर हाताने सांधावी लागते. या दोहोंची गल्लत झाली की कोड बिघडतो.

ऐंशी अक्षरांच्या ओळीची सवय आली पंचकार्डावरून. आयबीएमने १९२८ मध्ये आयताकृती भोकांचे कार्ड आणले, त्यात ८० उभे रकाने होते. फोरट्रान लिहिणाऱ्यांना त्यांतले सगळे वापरता येत नसत. पहिले पाच रकाने विधानाच्या क्रमांकाला, सातपासून बहात्तरपर्यंतचे प्रत्यक्ष विधानाला, शेवटचे आठ कार्डाच्या अनुक्रमांकाला, म्हणजे गठ्ठा हातातून निसटून जमिनीवर पसरला तरी यंत्रावर पुन्हा क्रमाने लावता यावा. बहात्तरच का, तर आयबीएम ७०४ या यंत्राचा एक शब्द ३६ बिटांचा होता आणि त्याचा कार्डवाचक एका रांगेतून असे दोन शब्द उचलायचा. मधला सहावा रकाना मात्र मला या सगळ्यात शहाणा वाटतो. मागच्या कार्डावरचे विधान संपले नसेल तर पुढच्या कार्डाच्या सहाव्या रकान्यात एक खूण करायची. ओळ अजून चालू आहे ही गोष्ट कार्डावरच लिहिलेली असायची. पुढे आलेल्या कितीतरी सुंदर पडद्यांवर नेमकी तेवढीच खूण हरवली.

कार्डे गेली, आकडा राहिला. डेक कंपनीच्या १९७८ च्या व्हीटी-१०० टर्मिनलवर ८० रकाने आणि २४ ओळी होत्या. हवे तर १३२ रकान्यांची सोयही होती, कारण मोठ्या लाइन प्रिंटरवर एका ओळीत १३२ अक्षरे मावत. आपल्याकडे नव्वदच्या दशकात ज्यांनी बँकेत किंवा कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात दिवस काढले आहेत त्यांना हे दोन आकडे प्रिंटरच्या रूपाने आठवतील. लहान डॉट मॅट्रिक्स प्रिंटर ऐंशीचा, मोठा एकशेबत्तीस किंवा एकशेछत्तीसचा, आणि त्याला लागणारी कडेला भोके असलेली रुंद कंटिन्युअस स्टेशनरी. लहान प्रिंटरवर मोठा तक्ता काढायचा झाला तर कंडेन्स्ड मोड लावायचा. इंचाला दहा अक्षरे धरली तर आठ इंचांत ८०, सतराच्या आसपास धरली तर १३७. अक्षरे मुंग्यांसारखी दिसायची, पण तक्ता मावायचा. ‘अक्षर बारीक करा’ ही वाट वेबच्या आधीच चालून झाली होती ती अशी.

त्यानंतर प्रत्येक भाषेच्या मंडळींनी आपापली रेघ आखली. पायथनच्या पीईपी-८ या २००१ च्या शैलीपत्रकाने ७९ अक्षरांची मर्यादा घातली. एक अक्षर कमी अशासाठी की ऐंशी रुंदीच्या खिडकीत काही संपादक प्रोग्राम शेवटच्या घरात ‘ओळ दुमडली आहे’ अशी खूण काढतात, तिला जागा राहावी. लिनक्स कर्नलमध्ये ऐंशीचा नियम पाळला जायचा. २०२० मध्ये लायनस टोरवाल्ड्स यांनीच त्याविरुद्ध बाजू घेतली आणि तपासणाऱ्या स्क्रिप्टची इशारा देण्याची रेघ शंभरावर गेली. पायथनचा ब्लॅक हा फॉरमॅटर ८८ धरतो, पीएचपीवाल्यांची मऊ मर्यादा १२० आहे, आणि गो भाषेत ठरावीक मर्यादाच नाही. सांगायचा मुद्दा एवढाच की वेबपानावर येणारा कोड ७९ ते १२० अक्षरांत कुठेही, कधी त्यापलीकडेही, असू शकतो, आणि तो लिहिताना कुणाच्या डोळ्यांपुढे फोन नव्हता.

फोनचा हिशेब मांडून बघण्यासारखा आहे. एका रुंदीच्या अक्षरांच्या फॉन्टमध्ये अक्षराची रुंदी साधारण त्याच्या आकाराच्या ०.६ पट असते. ब्राउझर असा मजकूर ठरावीक सेटिंगने १३ पिक्सेलचा दाखवतात, म्हणजे एका अक्षराला सुमारे ७.८ पिक्सेल. फोनची रुंदी ३६० पिक्सेल, दोन्ही बाजूंना १६-१६ सोडले तर ३२८ उरतात. त्यात अक्षरे मावतात बेचाळीस. ऐंशीच्या ओळीला ६२४ पिक्सेल लागतात, म्हणजे जवळपास दोन फोन. आणि कर्नलच्या पद्धतीने आठ घरांचा टॅब वापरून तीन पायऱ्या आत गेलेला कोड असेल, तर बेचाळीसातली चोवीस घरे नुसती कोरी जातात. वाचकाला दिसतो पांढरा पट्टा आणि त्याच्या उजव्या टोकाला अर्धे नाव. सीएसएसमध्ये टॅब-साइझ नावाची सोय आहे. टॅब दोन किंवा चार घरांचा केला की निम्मा त्रास एका ओळीत जातो. इतकी स्वस्त दुरुस्ती इतक्या कमी पानांवर दिसते याचे मला नवल वाटते. मूळ कोडमध्ये टॅबऐवजी जागा भरलेल्या असतील तर मात्र तिचा काही उपयोग नाही.

एचटीएमएलने या मजकुरासाठी प्री हे मूलतत्त्व पहिल्या दिवसांपासून ठेवले. सुरुवातीच्या आवृत्त्यांत त्याला विड्थ असा गुणधर्मही होता. मजकूर किती अक्षरे रुंद आहे ते लेखकाने सांगायचे आणि ब्राउझरने त्याप्रमाणे फॉन्ट निवडायचा, अशी कल्पना. १९९९ च्या एचटीएमएल ४.०१ ने तो गुणधर्म बाद ठरवला. तोपर्यंत प्रीच्या रुंदीचे पान मोडणारे रूप सगळ्यांनी बघून घेतले होते.

पान का मोडते ते एकदा कळले की अर्धे उपाय आपोआप सुचतात. ब्राउझर प्रत्येक मजकुराची एक किमान रुंदी काढतो. साध्या परिच्छेदाची किमान रुंदी म्हणजे त्यातला सर्वांत लांब शब्द, कारण बाकी सगळे खाली ढकलता येते. प्रीमध्ये ओळ मोडायची परवानगीच नसते, म्हणून त्याची किमान रुंदी म्हणजे त्यातली सर्वांत लांब ओळ. त्या काळी अख्खी पाने टेबलांवर रचलेली असत, आणि टेबलाचा घरगुती नियम असा की घरात जे आहे त्याच्या किमान रुंदीपेक्षा घर लहान होत नाही. कोडची एक दोनशे अक्षरांची ओळ आली की घर फुगायचे, घराबरोबर टेबल, टेबलाबरोबर पान. मग वरचा मथळा, खालची तळटीप, आणि ज्यात कोडचा एक शब्दही नाही ते परिच्छेदसुद्धा तेवढेच रुंद व्हायचे. प्रत्येक वाक्य वाचायला खिडकी उजवीकडे न्या, परत डावीकडे आणा. एका ओळीचा दंड सगळ्या पानाला.

टेबलांची रचना मागे पडली तरी हा दोष गेला नाही, त्याने नाव बदलले. फ्लेक्सबॉक्समध्ये प्रत्येक घटकाची मिन-विड्थ न सांगताच ‘ऑटो’ असते, आणि या ऑटोचा अर्थ पुन्हा तीच किमान रुंदी. ग्रिडमधला एक फ्रॅक्शन रुंदीचा स्तंभही आतल्या मजकुरापेक्षा लहान व्हायला तयार नसतो. प्रीला ओव्हरफ्लो ऑटो दिले आहे, तरी पान फुगतेच आहे, अशी तक्रार घेऊन आलेल्या दहांतल्या नऊ जणांना मी एकच प्रश्न विचारतो: वरच्या फ्लेक्स घटकाला मिन-विड्थ शून्य दिली आहे का? ग्रिड असेल तर स्तंभाची किमान मर्यादा शून्य ठेवली आहे का? जुने टेबल असेल तर टेबल-लेआउट फिक्स्ड? आतली चौकट सरकायला तयार असते, पण बाहेरचा डबाच तिच्याबरोबर ताणला जात असेल तर तिला सरकायची वेळच येत नाही. या बाबतीत वाद घालण्यासारखे काही नाही. कोड कसाही दाखवा, पान मात्र आडवे सरकता कामा नये.

पान वाचवले की खरा वाद सुरू होतो, आणि त्याची मजा अशी की मोठमोठी मंडळी यात बाजू बदलत आली आहेत. बूटस्ट्रॅप या लोकप्रिय फ्रेमवर्कच्या तिसऱ्या आवृत्तीत प्रीमधला कोड दुमडला जायचा. त्यातही शब्द कुठेही चिरायची मुभा होती, ‘ब्रेक-ऑल’ अशी. २०१८ मध्ये चौथी आवृत्ती आली आणि तिथे साधे ओव्हरफ्लो ऑटो: ओळ अखंड, चौकट सरकती. विकिपीडिया मात्र दुमडण्याच्या बाजूला आहे. तिथला प्री ओळ कडेला आली की खालच्या ओळीवर जातो.

सरकत्या चौकटीच्या बाजूने बोलणारे म्हणतात की कोडचा आकार हाच त्याचा अर्थ आहे. पायथनमध्ये तर शब्दशः, कारण तिथे ओळ किती आत सरकली आहे यावरून ती कुठल्या अटीखाली येते ते ठरते. दुमडलेला तुकडा डाव्या कडेला, शून्याव्या घरात येऊन पडतो आणि वाचणाऱ्याला वाटते की इथे फंक्शन संपले. हे म्हणणे मला पटते. पण सरकत्या चौकटीचे एक पाप आहे, आणि ते सरकण्याचे नव्हे, लपवण्याचे. २०११ मध्ये ॲपलने मॅकच्या लायन आवृत्तीत स्क्रोलबार दिसेनासे केले. बोट लावल्यावरच ते उमटतात. फोनवर तर ते कधी ठळक नव्हतेच. आता ओळ बरोबर एखाद्या कोऱ्या जागेवर किंवा शब्दाच्या शेवटी कडेला भिडली, तर ती तिथेच संपली असे वाटते. अक्षर अर्धे कापले गेले तर नशीब, निदान संशय येतो. माझ्या ड्राय-रनची गोष्ट कागदावर घडली, पण पडद्यावर ती रोज घडत असेल.

उपाय आहेत, आणि कठीण नाहीत. चौकटीच्या उजव्या कडेला आत पडणारी हलकी सावली ठेवायची, जी टोकाला पोचल्यावर नाहीशी होते. किंवा स्क्रोलबार सक्तीने दिसता ठेवायचा. उंच चौकटीत तोही पुरत नाही, कारण आडवा स्क्रोलबार असतो तळाला. साठ ओळींच्या कोडमध्ये पहिली ओळ वाचायची तर आधी खाली जा, सरकव, परत वर ये. ट्रॅकपॅडवर आणखी एक गंमत आहे: चौकट डावीकडे परत आणताना हात जरा जास्त गेला की ब्राउझर आधीच्या पानावर निघून जातो. ओव्हरस्क्रोल-बिहेवियर हा गुणधर्म त्यासाठीच आहे, लावणारे थोडे.

आणि माउस न वापरणारे? चौकटीला फोकस मिळत नसेल तर कीबोर्डवरून ती सरकतच नाही. फायरफॉक्स अशी चौकट टॅबने पकडू देत आला आहे, क्रोम अलीकडे देऊ लागला. तरी चौकटीला स्वतःहून टॅबइंडेक्स शून्य आणि एखादे नाव देणे उत्तम. वेब सर्वांना वापरता यावे यासाठीच्या २०१८ च्या डब्ल्यूसीएजी २.१ या निकषावलीतला १.४.१० हा निकष सांगतो की मजकूर ३२० पिक्सेल रुंदीत दोन दिशांना न सरकवता वाचता आला पाहिजे. १२८० पिक्सेलची खिडकी चारशे टक्के मोठी केली की एवढीच रुंदी उरते. मंददृष्टी वाचक तशीच वाचतात. ज्याला अर्थासाठी दोन्ही दिशांची मांडणी लागते तो भाग या निकषातून वगळला आहे. कोड त्या सवलतीत बसतो का? पायथनचा बसावा, शेलच्या एकओळी आज्ञेला बसायचे कारण नाही, असे माझे मत. उगाच सगळ्या कोडला अपवादाच्या छत्रीखाली घ्यायची सवय काही बरी नाही.

दुमडण्याच्या बाजूचे म्हणणेही ऐकण्यासारखे आहे. सगळे एका नजरेत दिसते, काही लपत नाही, कागदावर कापले जात नाही. कॉपी केले की ओळ अखंड मिळते. संपादकात काम करणारे कितीतरी लोक दिवसभर दुमडलेल्या ओळींत वावरतात, आणि त्यांचे काही अडत नाही, कारण संपादक त्यांना खूण देतो. ईमॅक्स कडेला वाकडा बाण काढतो. विममध्ये शो-ब्रेक लावला की दुमडलेल्या भागाआधी हवे ते चिन्ह येते. लाटेकमधल्या लिस्टिंग्ज या पॅकेजात ओळ मोडली की बाण छापता येतो. डोनल्ड क्नूथच्या टेकची तर गोष्टच वेगळी: ओळ कडेबाहेर गेली तर तो ‘ओव्हरफुल एचबॉक्स’ अशी ओरड करतो, आणि मसुद्यात त्या ओळीच्या शेजारी काळा ठोकळा उभा करतो. हे सगळे त्या सहाव्या रकान्याचे वंशज. ब्राउझरला मात्र दुमडल्याची खूण काढणे आजही सरळ येत नाही. प्रत्येक ओळ स्वतंत्र घटकात गुंडाळायची, तिला डावीकडे समास आणि पहिल्या ओळीला उणे इंडेंट द्यायचा, म्हणजे दुमडलेला भाग निदान आत सरकून येतो. ओळींना क्रमांक दिलेले असतील तर काम सोपे होते, कारण क्रमांक नसलेली ओळ म्हणजे दुमड. ते क्रमांक काउंटरने काढावेत, मजकुरात टाइप करू नयेत. नाहीतर कॉपी केलेल्या कोडच्या प्रत्येक ओळीपुढे एक, दोन, तीन चिकटून येतात.

मला सहन होत नाही ते दुमडण्याच्या नावाखाली मजकुरातच हात घालणे. लांब नावे मोडता यावीत म्हणून काही प्रणाली दर काही अक्षरांनंतर अदृश्य शून्य-रुंदीची जागा घालतात. डोळ्यांना काही दिसत नाही. कॉपी केले, चालवले, की पायथन म्हणतो ओळीत न छापता येणारे चिन्ह आहे, आणि बिचारा शिकाऊ मुलगा तासभर ओळ निरखत बसतो. ईमेलच्या जगात हाच घोळ वेगळ्या पोशाखात होता. ईमेलच्या प्रमाणात ओळ ७८ अक्षरांपलीकडे जाऊ नये आणि ९९८ च्या पुढे जाताच कामा नये असे आहे, म्हणून मेल प्रोग्राम लांब ओळी न विचारता तोडायचे. कोडमधले बदल दाखवणाऱ्या डिफमध्ये प्रत्येक ओळीच्या पहिल्या घरातले अधिक-उणेचे चिन्ह अर्थ ठरवते. मधेच तुटलेल्या ओळीला ते चिन्ह नसते, आणि पॅच लागत नाही. कर्नलच्या कागदपत्रांत मेल प्रोग्रामचे शब्द-दुमडणे कसे बंद करावे यावर एक अख्खे प्रकरण आहे ते उगाच नाही.

अक्षर बारीक करण्याच्या वाटेबद्दल फार लिहीत नाही. कंडेन्स्ड मोडचा जमाना डोळ्यांनी भरपाई देऊन संपवला. तो फोनवर परत आणू नये.

माझ्या मते या वादातली मूळ चूक अशी की चौकटीत असलेल्या सगळ्याला आपण कोड म्हणतो. चौकट एकच, राखाडी रंग एकच, पण आत काय आहे त्यावर उत्तर बदलते. सर्व्हरचा लॉग हा जवळपास गद्य असतो. त्यात उभी जुळणी नाही, ओळी दोनदोनशे अक्षरांच्या. तो बेलाशक दुमडावा. त्रुटीचा संदेश, म्हणजे एरर, हाही दुमडावा, कारण त्यातला मोलाचा भाग बहुधा उजव्या टोकाला असतो. किल्ली किंवा प्रमाणपत्र हा अर्थहीन अक्षरांचा साखळदंड. तो कुठेही तोडला तरी चालतो, आणि जुन्या प्रमाणकर्त्यांनी तो आधीच तोडून ठेवला आहे, पीईएममध्ये ६४ अक्षरांवर, माइममध्ये ७६ वर. एका ओळीची शेल आज्ञा दुमडावीच. ती कॉपी करायची असते, आकार बघायचा नसतो. पायथन, यॅमल, डिफ सरकू द्यावे. आणि डेटाबेसमधून निघालेला उभ्या-आडव्या रेषांचा तक्ता प्रीमध्ये ठेवूच नये. त्यासाठी टेबल नावाचे मूलतत्त्व आहे, जे आपण पाने रचायला वापरून बदनाम केले आणि तक्त्यांना वापरायला विसरलो.

रेषा-अक्षरांनी काढलेल्या आकृत्यांना मात्र सरकण्यावाचून गत्यंतर नाही. इंटरनेटच्या आरएफसी दस्तऐवजांत पॅकेटच्या आकृत्या असतात: ३२ बिट, प्रत्येक बिटाला दोन घरे, शेवटची एक रेघ, असे पासष्ट रकाने. बहात्तर रकान्यांच्या पानात ती चपखल बसायची. १९६९ पासून ठरावीक रुंदीच्या मजकुराला चिकटून असलेल्या त्या मंडळींनी दीर्घ वादानंतर २०१९ मध्ये नवे रूप आणले. आता परिच्छेद फोनच्या रुंदीप्रमाणे वाहतात. आकृत्या पासष्ट रकान्यांच्या त्या पासष्ट रकान्यांच्याच.

आपल्या लिपीचा प्रश्न यात आणखी एक गाठ मारतो. ‘स्त्री’ हे एक अक्षर. युनिकोडमध्ये ते सहा संकेतांचे: स, हलन्त, त, हलन्त, र, दीर्घ ई. यूटीएफ-८ मध्ये अठरा बाइट. मराठी टिपा लिहिलेला कोड ओळीची लांबी मोजणाऱ्या साधनातून काढला की डोळ्यांना आखूड दिसणारी ओळ मर्यादा ओलांडते. एका रुंदीचा म्हणून निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी बहुधा नसतेच, मग ब्राउझर ती दुसऱ्या फॉन्टमधून उसनी आणतो, आणि उभी जुळणी संपली. गावांची नावे असलेला तक्ता टर्मिनलवर काढून बघा, उजवीकडची उभी रेघ नागमोडी होते. टर्मिनलसुद्धा आपसांत सहमत नाहीत. कुणी ‘स्त्री’ला तीन घरे देतो, कुणी चार. दुमडताना ‘ब्रेक-ऑल’ लावले असेल तर आणखी एक धोका. युनिकोडच्या नियमांत जोडाक्षर हे एकसंध मानायची तरतूद आली २०२३ मध्ये, १५.१ या आवृत्तीत. त्याआधीच्या नियमाने ‘स्’ ओळीच्या शेवटी आणि ‘त्री’ पुढच्या ओळीवर गेले तरी ते कायदेशीरच होते. म्हणून मराठी मजकूर असलेल्या चौकटीत ब्रेक-ऑल नको. ओव्हरफ्लो-रॅप वापरावे, म्हणजे आधी कोऱ्या जागेवर मोडायचा प्रयत्न होतो आणि शब्द चिरायची पाळी अगदी नाइलाजाने येते.

यंत्राकडून एवढेच मिळते. बाकीचे काम लिहिणाऱ्याचे आहे, आणि ते कुणाला आवडत नाही. लेखात कोड टाकताना तो जसा चालतो तसाच डकवायचा मोह होतो. पण छापायला दिलेला कोड हा वाचण्यासाठी असतो. त्याची ओळ कुठे तोडावी हे यंत्रापेक्षा त्याच्या लेखकाला जास्त कळते. एसक्यूएल प्रत्येक उपवाक्यावर तोडता येते. पायथनमध्ये कंसाच्या आत कुठेही. शेलमध्ये पाइपच्या चिन्हानंतर ओळ संपवली तर मागची तिरकी रेघही लागत नाही; रेघ लावलीच तर तिच्यामागे चुकून एक जागा राहिली की ती निकामी, हे लक्षात ठेवायचे. बेरजेच्या साखळीत चिन्ह पुढच्या ओळीच्या आरंभी आणले तर ओळ चालू आहे हे डाव्या कडेलाच कळते. पीईपी-८ नेही २०१६ पासून तीच बाजू घेतली आहे. उदाहरणातली चलांची नावे, फायलींचे लांबलचक मार्ग, गरज नसलेले पर्याय हे कमी करता येतात. मी स्वतः लेख देण्याआधी खिडकी फोनएवढी अरुंद करतो आणि जिथे चौकट सरकवावी लागते तिथे थांबतो. निम्म्या ठिकाणी ओळ आखूड करता येते. उरलेल्या ठिकाणी ती तशीच ठेवतो, आणि छपाईच्या स्टाइलशीटमध्ये व्हाइट-स्पेस प्री-रॅप आहे ना ते बघतो.

आरसिंकच्या त्या पानाच्या लेखकाला मी सगळी हकिगत कळवली होती. त्याने पानाची रचना तशीच ठेवली, चौकटीलाही हात लावला नाही. फक्त ड्राय-रन हा पर्याय उचलून आरसिंकच्या लगेच पुढे, ओळीच्या डाव्या टोकाला आणून ठेवला.